कोरडं वळण

"माझे बाबा खोटं बोलत नाहीत," दारात उभी असलेली मुलगी म्हणाली. "एवढंच सिद्ध करून हवंय. सोमवारच्या आत."

तो गुरुवार होता. वहिनींनी तिला आधी बसवलं, मग पाणी दिलं.

वहिनी म्हणजे भूमापन खात्यात एकवीस वर्षं काढून, साहेबांच्या तोंडावर राजीनामा टाकून आलेली आणि आता लोकांच्या भानगडी सोडवणारी बाई. त्यांना सगळेच वहिनी म्हणत, कारण कायम सोबत असणारे त्यांचे धाकटे दीर त्यांना तशी हाक मारत. हे दीर, म्हणजे भावोजी, वीजखात्यात मीटर वाचून निवृत्त झालेले. दिसेल तो आकडा वहीत उतरवायची त्यांना खोड होती. आकड्याचा अर्थ लावायची तोशीस मात्र त्यांनी मेंदूला कधी दिली नव्हती.

मुलगी शिवणकाम करणारी, नेमकं बोलणारी. तिनं सांगितलं ते असं. तिचं गाव बसनं तासाभरावर, नदी कोपरासारखी वळते तिथे. वडील तिथल्या वाचनालयात अठ्ठावीस वर्षं ग्रंथपाल. नदीकाठच्या खालच्या ओळीतली नव्वद घरं मोडकळीला आली म्हणून नगरपालिकेनं ती वळणाबाहेरच्या मोकळ्या माळावर हलवायचं ठरवलं होतं. त्या माळाला लोक कोरडं वळण म्हणत. तसं का म्हणत, हे कुणी विचारत नसे.

वाचनालयात एकशे बारा वर्षांचा एक नकाशा उंचावर टांगलेला होता. मागच्या वर्षी तो पुसायला खाली काढला तेव्हा ग्रंथपालाला त्यात एक पुसट निळी रेघ दिसली. ती बरोबर त्या माळावरून जात होती. म्हणजे माळ हे नदीचं जुनं पात्र होतं आणि मोठ्या पुरात नदी तिथे परत येणार होती. त्यानं हे तिघांना सांगितलं: नगर अभियंत्याला, घरं बांधणाऱ्या ठेकेदाराला आणि गावाचा इतिहास लिहिणाऱ्या सरांना. तिघांनी नकाशा नेला, तिघांनी परत केला. मागच्या आठवड्यात पालिकेच्या सभेत ग्रंथपालानं तो मांडला, तर त्यात रेघच नव्हती.

"सगळं सभागृह हसलं," मुलगी म्हणाली. "आम्ही खालच्या ओळीतच राहतो. राहतं घर सोडायचं नाही म्हणून बाबांनी थाप मारली, असं ठरलं. त्यांना निलंबित केलंय. सोमवारी माळावर शिक्कामोर्तब."

"ती रेघ तुम्ही स्वतः पाहिली होती?"

"नाही. बाबांनी पाहिली होती. मला तेवढं पुरतं."

"मला पुरत नाही," वहिनी उठत म्हणाल्या. "पण चला."

*

गावाच्या आधी गावाचा वास आला. वरच्या अंगाला कातड्याचे कारखाने होते आणि नदीवर पिवळट फेसाचे गोळे तरंगत होते. भावोजींनी नाकाला रुमाल लावला तो संध्याकाळपर्यंत काढला नाही.

नदीचा असा उकिरडा केलेल्या गावाला आपल्या इतिहासाचा मात्र केवढा तोरा. दर चार घरांमागे एक संगमरवरी पाटी, आणि पाटीवर सरांच्या पुस्तकातलं वाक्य. 'नदीने येथे आपले पात्र कधीही बदलले नाही' हे वाक्य वहिनींनी शाळेच्या भिंतीवर वाचलं, दवाखान्याच्या भिंतीवर वाचलं आणि सार्वजनिक मुतारीच्या भिंतीवरही वाचलं.

नावेच्या धक्क्यावर पूरशिळा उभी होती. माणसाएवढा काळा दगड, त्यावर जुन्या पुरांच्या तीन आडव्या खुणा. सगळ्यात वरची वहिनींच्या कमरेला लागत होती. शेजारी पाटी: 'ही शिळा गावाच्या स्थापनेपासून याच जागी आहे. महापुराचे पाणी याहून वर कधीही आलेले नाही.' दगडाच्या पायथ्याशी फुगलेला मेलेला उंदीर पडला होता आणि लोक त्याला वळसा घालून जात होते. भावोजींनी वहीत लिहिलं: वरची खूण, तीन फूट.

"आणि तो माळ कुठला?" वहिनींनी विचारलं.

मुलीनं नदीच्या वळणापलीकडे बोट दाखवलं. माळ सपाट होता, धक्क्यापेक्षा जेमतेम हातभर उंच.

वाचनालय वरच्या चौकात होतं, जुन्या विहिरीला लागून. धक्क्यापासून तिथवर सरळ चढाच्या पायऱ्या. भावोजींना धाप लागली, तरी मोजणं सुटलं नाही. चव्वेचाळीस.

आत ग्रंथपालाच्या खुर्चीवर एक बदली कारकून जांभया देत बसला होता. दारातच नियमांची पाटी होती. बोलू नये, थुंकू नये. पान फाडणाऱ्याचं किंवा पुस्तक बदलून परत करणाऱ्याचं वाचकपत्र रद्द होईल.

नकाशा पश्चिमेच्या खिडकीसमोर टांगलेला होता. वहिनींनी तो उतरवायला लावला. भिंतीचा रंग उन्हानं पार उडालेला होता. चौकटीमागे झाकलेला चौकोन तेवढा गडद हिरवा राहिला होता.

नकाशात नदी होती, धक्का होता, धक्क्यावर पूरशिळा होती, वरचा चौक आणि विहीर होती. माळ कोरा होता. वहिनींनी मागचे खिळे काढले, कागद अलगद बाहेर घेतला आणि चौकटीच्या लाकडाखाली दबलेली बोटभर रुंदीची कड भावोजींपुढे धरली.

"हिचा रंग सांगा."

"बदामी."

"आणि मधला?"

"तोही बदामी. अगदी सारखा." भावोजींनी पट्टी लावून माप घेतलं आणि लिहिलं: अडीच फूट बाय दोन.

नोंदवहीत तिघांची नावं होती. ठेकेदार एक दिवस, अभियंता चार दिवस, सर तीन आठवडे. प्रत्येक नावापुढे 'परत आला' आणि ग्रंथपालाची सही.

*

अभियंता कानात पेन्सिल फिरवत बसला होता. त्यानं नकाशा नेला होता, पण उघडला नव्हता. चार दिवस कपाटामागे उभा होता, म्हणाला. रेघ खरी असती तर, असं वहिनींनी विचारताच त्यानं पेन्सिल बाहेर काढून निरखली.

"बाई, माळाची जागा वरून ठरून आली. वरून आलेल्या गोष्टीत मी रेघा शोधत नाही."

वहिनींनी पूरशिळेशेजारची पाटी वाचल्याचं सांगितलं, तेव्हा तो हसला. पाटी चूक आहे, म्हणाला. साठ वर्षांपूर्वी पूल झाला तेव्हा ती शिळा वरच्या चौकातून खाली आणली. फाइल आहे, वाळवी लागलेली, पण आहे.

"मग पाटी बदलत का नाही?"

"पाटी माझ्या खात्यात येत नाही."

ठेकेदार त्याच्या वखारीत पाय पसरून नखं कापत होता. कापलेली नखं सिमेंटच्या पोत्यावर उडत होती आणि बोलताना तो ती फुंकरीनं उडवत होता. नकाशा एक दिवस बघितला, म्हणाला, काही कळलं नाही म्हणून परत दिला. सरांचं पुस्तकही त्यानं कधी उघडलं नव्हतं. शिळेची गोष्ट मात्र त्यानं अभिमानानं सांगितली. ती विहिरीजवळून धक्क्यावर उतरवली ती त्याच्याच आजोबांनी. आठ माणसं लागली होती.

"माळावर पाणी आलं आणि घरं बुडाली तर?" वहिनींनी विचारलं.

"मी घरं बांधतो, बाई. नदी नाही बांधत."

बाहेर आल्यावर भावोजी म्हणाले, हाच. याच्या तोंडावर लिहिलंय.

"तोंडावर बरंच काही लिहिलंय," वहिनी म्हणाल्या. "पण ते नकाशाबद्दल नाही."

पुलाच्या तोंडाशी चौकटी करणाऱ्याचं दुकान होतं. गावात तो एकटाच. वाचनालयाच्या नकाशाला त्यानं हात लावलेला नव्हता. कामाबद्दल विचारलं तर त्यानं तक्रारींचा पाढाच वाचला. ठेकेदाराला आपला फोटो सोनेरी चौकटीतच हवा. अभियंत्याच्या पदवीला चौकट केली, ती न्यायला तो वर्षभर फिरकला नाही. सरांच्या मानपत्राची काच तडकली म्हणून दोन महिन्यांपूर्वी नवी बसवली, तर आतला कागद त्यांनी घरूनच बसवून आणलेला. याच्याकडे काम फक्त काच आणि खिळ्यांचं. तेही नेहमीचे अर्ध्या इंचाचे खिळे पुरेनात, पाऊण इंचाचे मारावे लागले. मानपत्र चांगलं अडीच फुटी. पालिकेत टांगलंय, जाऊन बघा, म्हणाला. या गावात मोठेपणा फुटांवर मोजतात.

भावोजींनी लिहिलं: खिळे, पाऊण इंच. मग वही मिटून म्हणाले, "यातलं काय कामाचं, वहिनी?"

"तुम्ही लिहीत रहा."

*

सरांच्या घरी पायरीपासूनच रद्दीचे गठ्ठे होते. सूनबाई ते सुतळीनं आवळत होत्या. सर आरामखुर्चीत, अंगावर इस्त्रीचा सदरा, मांडीवर पुस्तकाची नवी प्रत. पुस्तकाला पन्नास वर्षं झाली म्हणून विशेष आवृत्ती निघत होती.

"या घरात कागदाची किंमत नाही," ते सुनेला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाले. "दर महिन्याला भिंतीवरचं सगळं काढून पुसतात आणि खाली पडेल ते रद्दीत. जुना कागद जाळणाऱ्याला, विकणाऱ्याला मी माणूस मानत नाही. म्हणून माझं मानपत्रसुद्धा पालिकेतच ठेवलंय."

ग्रंथपालाचा विषय निघाला तसा त्यांचा आवाज मऊ झाला. तो त्यांचा विद्यार्थी. वर्गात हुशार, पण हळवा. नकाशा त्यांनी तीन आठवडे भिंगाखाली तपासला, कसलीही रेघ नव्हती. बिचारा घराच्या मायेपोटी बोलून गेला. "मी त्याला केव्हाच क्षमा केलीय," सर म्हणाले.

सूनबाईंनी चहा आणला होता. वहिनींनी कप बाजूला सरकवला. पूरशिळा मुळात कुठे होती, एवढंच त्यांनी विचारलं.

"मुळात म्हणजे? होती तिथेच आहे. पान अकरा बघा." सरांनी पान उघडूनच दाखवलं. नदी, धक्का, धक्क्यावर शिळा. नकाशा त्यांनी स्वतःच्या हातानं काढलेला, सुबक. "पन्नास वर्षांत या पुस्तकातलं एक अक्षर बदलावं लागलेलं नाही."

शेवटी दोघं खालच्या ओळीत गेले. ग्रंथपाल भिंतीकडे तोंड करून झोपला होता. घरात ओल होती, कोपऱ्यात शिवणयंत्र, आणि ग्रंथपालाच्या उशाशी वाचनालयाच्या किल्ल्यांचा दुसरा जुडगा. तो अजून कुणी मागितला नव्हता. मुलीनं दोनदा हाक मारली तरी तो वळला नाही.

"चूक माझीच," तो भिंतीला सांगितल्यासारखं म्हणाला. "तिन्ही वेळा मी सही केली. चौकट बघून. आत बघितलं नाही."

मुलगी दाराबाहेर येऊन म्हणाली, "चार दिवस झाले, पोटात चहाशिवाय काही नाही. सोमवारी ठराव झाला तर हे उठायचे नाहीत."

वहिनींनी तिच्या हातावर हात ठेवला. "सोमवारी त्यांना घेऊन ये. उचलून आणावं लागलं तरी आण."

*

सोमवारी सकाळी धक्क्याजवळच्या पालिकेचं सभागृह भरलं होतं. व्यासपीठावर नगराध्यक्षा, खाली अभियंता आणि ठेकेदार, पहिल्या रांगेतल्या गादीच्या खुर्चीत सर. मागे खालच्या ओळीतली माणसं उभी होती. त्यांना खुर्च्या नव्हत्या. ग्रंथपाल मुलीच्या खांद्याला धरून दाराशी उभा होता. भिंतीवर सरांचं मानपत्र, सोनेरी अक्षरांत.

बोलायला दहा मिनिटं मिळाली. वहिनींनी वाचनालयातला नकाशा टेबलावर ठेवला.

"हा नकाशा खोटा आहे," त्या म्हणाल्या. "वाचनालयाच्या भिंतीवर या चौकटीमागचा रंग शाबूत आहे आणि बाकी भिंत उडालीय. इतकं ऊन तिथे येतं. मग इतकी वर्षं टांगलेल्या कागदाचा मधला भाग एक रंगाचा आणि लाकडाखाली झाकलेली कड दुसऱ्या रंगाची हवी. इथे सगळा कागद एकाच रंगाचा आहे. चहाच्या पाण्यात बुडवला की असा होतो."

सभागृहात कुजबुज झाली.

"दुसरी गोष्ट. यात पूरशिळा धक्क्यावर दाखवलीय. नकाशा एकशे बारा वर्षांचा. शिळा धक्क्यावर आली साठ वर्षांपूर्वी. अभियंतासाहेब, तुमच्याकडे फाइल आहे ना?"

अभियंत्यानं ठेकेदाराकडे बघितलं, ठेकेदारानं छताकडे. मग दोघांनी मान डोलावली.

"म्हणजे कुणीतरी नवा नकाशा काढून आत घातला. तिघांनी नकाशा नेला होता. घरं कुठे होतात याच्याशी ठेकेदाराचा संबंध, ठराव विनाकटकट व्हावा याच्याशी अभियंत्याचा. दोघांनाही त्या निळ्या रेघेची अडचण होती. पण फक्त रेघेचीच. खोटा नकाशा यांनी केला असता तर रेघ गाळून बाकी सगळं होतं तसं उतरवलं असतं. शिळा चौकातली धक्क्यावर नेऊन यांना काय मिळणार? उलट ती हलवल्याचं दोघांनाही ठाऊक होतं."

बोलताना वहिनींचा चेहरा आंबट झाला होता.

"नकाशात दोन गोष्टी बदलल्यात. रेघ गेली आणि शिळा सरकली. ती रेघ आणि शिळेची खरी जागा, या दोन्हींनी खोटं पडणारं गावात एकच काही आहे. ते म्हणजे सरांचं पुस्तक. नदीनं पात्र बदललं नाही आणि शिळा मुळापासून धक्क्यावर आहे. सर, तुम्ही पुस्तकात नकाशा उतरवायचा, तर नकाशात पुस्तक उतरवलंत."

सर हसले. म्हाताऱ्या माणसावर असले आरोप, म्हणाले, आणि पुरावा काय? खरा नकाशा असलाच तर तो कुठे आहे?

"तुम्हाला तो जाळवेना. जुना कागद जाळणाऱ्याला तुम्ही माणूस मानत नाही, हे तुम्हीच सांगितलंत. घरी ठेवायची सोय नाही, सूनबाई सगळं काढून पुसतात. म्हणजे गावात जी चौकट तुमच्या हयातीत कुणी उतरवायची नाही, अशी चौकट हवी. भावोजी, खिळे किती इंचाचे लागले होते?"

"पाऊण," भावोजी वही न उघडता म्हणाले. मग त्यांची नजर भिंतीकडे गेली आणि तोंड उघडंच राहिलं.

"नेहमीचे अर्धा इंची पुरेनात, कारण काचेमागे एकाऐवजी दोन कागद आणि दोन पुठ्ठे होते. अध्यक्षाबाई, ते मानपत्र खाली घ्या."

चौकटवाल्यालाच बोलावलं. त्यानं खिळे उपटले. पहिला पुठ्ठा निघाला, आणि त्याच्याखाली अडीच फूट बाय दोन फुटांचा एक जुना कागद. कड गडद, मध्ये पार फिका. माळावरून निळी रेघ सरळ गेली होती. धक्क्यावर काहीच नव्हतं. पूरशिळा वरच्या चौकात होती, विहिरीला लागून.

"आता भावोजींचे आकडे ऐका," वहिनी म्हणाल्या. "धक्क्यापासून चौकापर्यंत चव्वेचाळीस पायऱ्या, अर्ध्या फुटाची एकेक. झाले बावीस फूट. शिळेवरची वरची खूण तिथून तीन फूट. म्हणजे महापुराचं पाणी धक्क्यावर कमरेएवढं आलं नव्हतं. धक्क्यावर पंचवीस फूट होतं. आणि तो माळ धक्क्याहून हातभर उंच आहे. खालच्या ओळीत निदान चढायला पायऱ्या आहेत. माळावरून पळायला जागाच नाही. पूर आला की चारी बाजूंनी नदी."

मागे उभ्या एका बाईनं कडेवरचं मूल दुसऱ्या कडेवर घेतलं.

सर उठून उभे राहिले. चेहऱ्यावर अपराध नव्हता, नुसता त्रास दिसत होता.

"मी पुढच्या आवृत्तीत दुरुस्ती करणारच होतो," ते म्हणाले. "तळटीप तयार आहे. फक्त पन्नासाव्या वर्षी नको, एवढंच."

वहिनी त्यांच्याकडे बघत राहिल्या. ठेकेदाराच्या नखांची, अभियंत्याच्या पेन्सिलीची, फुगलेल्या उंदराची त्यांना जी शिसारी आली होती, ती याच्यापुढे काहीच नव्हती.

"एक कागद तुम्हाला जाळवला नाही," त्या म्हणाल्या. "नव्वद घरांतली माणसं बुडाली असती तर चाललं असतं. मला तुमची किळस येते, सर."

नगराध्यक्षांनी ठराव मागे घेतला. अभियंत्यानं लगेच उठून सांगितलं की माळाबद्दल त्याला पहिल्यापासून शंका होती. ग्रंथपालाचं निलंबन रद्द झाल्याचं वाचून दाखवलं, तेव्हा टाळ्या वाजवणाऱ्यांत मागच्या आठवड्यात हसलेले सगळे होते.

ग्रंथपाल मुलीचा खांदा सोडून पुढे आला. नकाशाला त्यानं हात लावला नाही, आधी नुसता वाकून पाहिला. आतला, कडेपासून कडेपर्यंत. मग नोंदवही मागवली, सरांच्या नावापुढची आपली सही आडवी रेघ मारून खोडली आणि त्या दिवसाची तारीख घालून लिहिलं: परत आला. तपासून घेतला.

त्यानंतर तो सरांसमोर जाऊन उभा राहिला. शाळेत उभा राहत असेल तसाच, मान खाली घालून.

"सर, तुमचं वाचकपत्र द्या."

सरांना आधी कळलंच नाही. मग त्यांनी सदऱ्याच्या वरच्या खिशातून ते काढलं. पिवळं पडलेलं, कोपरे झिजलेले. वाचनालयाचा क्रमांक एकचा वाचक. ते देताना त्यांचा हात अर्ध्यावरच थांबला.

"अरे, मी वाचायचं कुठे?"

ग्रंथपालानं पत्र त्यांच्या बोटांतून सोडवून घेतलं, दोन तुकडे केले आणि नोंदवहीत ठेवले.

"नियम दारावरच लिहिलाय, सर," तो म्हणाला, आणि खरा नकाशा त्याच्या जुन्या चौकटीत घालून वाचनालयाकडे निघाला. मुलगी चौकटीचं दुसरं टोक धरून त्याच्याबरोबर चव्वेचाळीस पायऱ्या चढली.